पाच सिलिंडरांची साक्ष

माझ्या लग्नाला मी चिंचेच्या ट्रकमध्ये बसून गेलो. हे मी हौसेनं सांगत नाही. पण नगरला चिकटून असलेल्या भिंगारमध्ये हे लपवून काही उपयोग नसतो, कारण मी तोंड उघडायच्या आत दुसरा कोणीतरी ते सांगून मोकळा होतो.

साल १९५९, महिना वैशाख. वधू नगरची, इंदू. वर पाथर्डीचा, म्हणजे मी, रविकांत. इंदूला वडील नव्हते, म्हणून लग्न तिच्या थोरल्या भावानं अंगावर घेतलेलं. हे विष्णुपंत मुळे, नगरला वकील. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्याकडे एका लष्करी साहेबाकडून घेतलेली विलायती निळी मोटार होती, सहा सिलिंडरांची. नवरदेवाला आणायला ही मोटार येणार, ही बातमी आमच्या आत्यानं पाथर्डीत घरोघर पोचवली होती.

मोटार आली. तिच्यात मी, आई-वडील, आत्या आणि आत्याचा फराळाचा डबा असे सगळे कोंबले गेलो आणि निघालो. करंजी घाटाचा चढ लागला तशी इंजिनातून खडखड सुरू झाली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी. ती वाढत गेली. शेवटच्या मोठ्या वळणावर एक दणका बसला, मागे धुराचा लोट उठला आणि मोटार थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरनं बॉनेट उघडून हाताला लागेल ते उपसून बघितलं, सिलिंडरांना ठिणगी पोचवणारा डिस्ट्रिब्युटरही काढून पुन्हा लावला, पण काही उपयोग झाला नाही. मुंडावळ्या बांधून मी घाटात उभा आणि तिकडे दुपारचा मुहूर्त टळला. शेवटी नगरच्या बाजाराला चिंच घेऊन निघालेला एक ट्रक थांबला. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. हार घालताना इंदूनं नाक मुरडलेलं मला स्पष्ट दिसलं. तिचं म्हणणं आजही हेच, की वास माणसाचा नव्हता, चिंचेचा होता.

आमचं हसण्यावारी गेलं. ज्यांचं गेलं नाही, त्यांची ही गोष्ट आहे.

त्यांचं नाव कानिफनाथ म्हस्के. भिंगारमध्ये त्यांचं मोटार दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. वय अठ्ठावीस, हात इतका चांगला की लष्करातले साहेब लोकही आपल्या खाजगी गाड्या त्यांच्याकडे पाठवत. अण्णांच्या निळ्या मोटारीचं इंजिन त्यांनीच लग्नाआधी अकरा दिवस नवे पिस्टन घालून पुन्हा बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्यांना मांडवात बोलावून घेतलं. पाहुणे पानं खात बसलेले. अण्णांचा आवाज कोर्टात कमावलेला. "टायमिंग लावायची अक्कल नाही आणि लोकांच्या मोटारी उघडतोस? माझी अब्रू घाटात मांडलीस तू!" कानिफमिस्त्री मान खाली घालून उभे होते.

टायमिंग म्हणजे काय ते मला पुढे कळलं. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते, मग ठिणगी पडते आणि ती पेटते. ठिणगी वेळेआधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनला उलटा तडाखा बसतो, खडखड होते आणि फार झालं तर पिस्टन फुटतो. ही वेळ डिस्ट्रिब्युटर फिरवून जमवायची आणि जमली की त्याचा एक स्क्रू आवळून टाकायचा. मिस्त्रींना सगळं आठवत होतं, तो स्क्रू सोडून. नेमका तो आवळताना कोणीतरी "चहा घ्या मिस्त्री" म्हणून हाक मारली होती. आवळला की नाही? ड्रायव्हरनं घाटात डिस्ट्रिब्युटर उपसलेला, त्यामुळे पुरावाही राहिला नव्हता.

महिन्याभरात त्यांनी दुकान बंद केलं. त्यानंतर चौदा वर्षं त्यांनी एकाही मोटारीला हात लावला नाही. विहिरींवरची ऑइल इंजिनं तेवढी दुरुस्त करायचे. त्यातही त्यांचं नाव झालं. खाकी पिशवीत हत्यारं घेऊन सायकलवर गावोगाव जायचे, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या जबड्याला लावून डोळे मिटायचे आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचे. त्यांची एक रीत सगळ्या मळ्यांवर माहीत होती. इंजिन सुरू झाल्याशिवाय मिस्त्री चहाला शिवत नाहीत. लोकांना वाटायचं, काहीतरी नवस असेल. खरं कारण फक्त त्यांच्या बायकोला, मुक्ताबाईंना ठाऊक होतं.

निळी मोटार अण्णांच्या पत्र्याच्या शेडमध्ये फुटक्या पिस्टनसकट उभी होती. अण्णांनी ती ना दुरुस्त केली ना विकली. रागही जपून ठेवणारी माणसं असतात.

१९७३ साली दोन वर्षांच्या दुष्काळानंतर पाऊस बरा झाला. त्याच दिवाळीत अण्णा हृदयाच्या दुखण्यातून उठले आणि म्हणाले, "ती मोटार भंगारवाल्याला देऊन टाका." इंदू तोवर मुलींच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होती. इंजिनाचा धडा शिकवण्यासाठी तिनं कुठूनसं पॉलिटेक्निकचं पुस्तक आणलं होतं. एका दुपारी ते हातात घेऊन ती माझ्यासमोर येऊन बसली.

"अहो, खडखड टायमिंगनंच होते असं नाही. इंजिनाचा दाब जास्त असेल आणि पेट्रोल हलकं असेल, तर ते ठिणगीची वाट न बघता आपणच पेटतं. तेव्हाही अशीच खडखड होते. अगदी अशीच."

"मग?"

"मग आपण बिचाऱ्या मिस्त्रींना चौदा वर्षं उगीच..." बोलता बोलता ती उठली.

ती तडक भिंगारला त्यांच्या घरी गेली आणि मी तिच्या मागे. मिस्त्रींनी आधी सरळ नाही म्हटलं. मग इंदूनं पुस्तक उघडून समजावलं. ते मिशीवरून बोट फिरवत ऐकत राहिले.

"हे मोजता येतंय व्हय, ताई?"

"येतं. पिस्टन अगदी वर आणायचा आणि प्लगच्या भोकातून तेल भरायचं. वर किती जागा उरते ते कळलं की झालं. तिथं पन्नास सीसी मावलं तर या इंजिनाचा दाब नऊपट. साठ मावलं तर पावणेआठच्या आत. आपल्या पंपावरचं पेट्रोल पावणेआठपर्यंत निभावतं. नऊला नाही."

"म्हंजी पन्नास भरलं तर मोटारीचा दोष. साठ भरलं तर माझा."

इंदूनं पुस्तक मिटलं. हिशेब तोच होता. मिस्त्री उठले, खुंटीवरची खाकी पिशवी काढली. "मोटार चालंल न चालंल, ताई. मला येवढंच कळू द्या, माझा हात चुकला का न्हाई."

पेट्रोल त्या दिवसांत कधी नव्हे इतकं महागलेलं. अशा वेळी सहा सिलिंडरांचं धूड उघडणाऱ्या आम्हाला गल्लीनं नावं ठेवली ती ठेवलीच. मिस्त्रींनी चार दिवस सिलिंडरांत रॉकेल मुरवलं, मग इंजिन हातानं फिरवून पिस्टन मोकळे केले. सहावा फुटका, त्याच्यात तेल ठरणं शक्य नव्हतं. साक्ष द्यायला उरले पाच.

मोजणी शनिवारी झाली. इंदू शाळेत होती. जनावरांच्या दवाखान्यातून दहा सीसीची काचेची सिरिंज मागून आणलेली. वही माझ्याकडे, कारण वही धरायला माझ्याहून लायक माणूस जिल्ह्यात नाही असं माझं त्या दिवसापर्यंत मत होतं. मी नगरला सरकारी कचेरीत रेकॉर्डला. अठरा वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता.

मिस्त्रींनी चष्मा लावला, सिरिंज भरली आणि पहिल्या सिलिंडरमध्ये सोडताना मोठ्यानं म्हणाले, "लाभ!"

मला ते फार आवडलं. आम्ही नाही का, कागदावर काही लिहायच्या आधी श्री लिहितो, तसं. पुढचे आकडे ते मिशीतल्या मिशीत पुटपुटले आणि तेल काठाला आलं तेव्हा पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "पाच!"

आता दुसरा कोणी असता तर त्यानं पाच लिहिलं असतं. मी विचार केला. देवाच्या नावानं सोडली तरी ती सिरिंज आत गेलीच ना? मिस्त्री भाविक माणूस, पहिली मोजणार नाही. पण नोंद करणाऱ्यानं कसं चालवून घ्यावं? लाभाची एक आणि वर पाच, एकूण सहा. मी सहा लिहिलं. पाचही सिलिंडरांपुढे सहा लिहिलं, खाली रेघ मारली आणि तारीख घातली. शंका विचारायचं मनातसुद्धा आलं नाही. इतकी खात्री मला पुन्हा आयुष्यात कशाचीच वाटली नाही, आणि बरंच झालं.

शाळा सुटल्यावर इंदू आली. मिस्त्री हातही न धुता शेडच्या दाराशी बसून होते. तिनं पाटीवर आकडेमोड केली, पुसली, पुन्हा केली. तिसऱ्या वेळी तिनं पाटी पालथी ठेवली.

"सांगा ताई. हातचं राखू नगा."

"मिस्त्री, जागा साठ भरली. दाब पावणेआठच्या आत आहे. पेट्रोल चाललं असतं."

"म्हंजी स्क्रू."

"तसं अगदी नक्की म्हणता येत नाही..."

"दुसरं काय उरलं?" ते उठले. सिरिंजा किती गेल्या ते त्यांनी स्वतःला विचारलंच नाही; त्या स्क्रूपासून आपल्या आठवणीपेक्षा कागदावरच त्यांचा भरवसा होता. एकेक पाना फडक्यानं पुसून पिशवीत ठेवत होते आणि आम्हा दोघांना कुठे बघावं ते कळत नव्हतं. जाताना म्हणाले, "बरं झालं. कळलं तरी. द्या आता भंगारवाल्याला." आवाजात राग असता तर मला सोसलं असतं. नव्हता.

घरी आल्यावर इंदूनं मला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही नीट लिहून घेतलंत ना?" मी भडकलो. रेकॉर्डमधल्या माणसाला हे विचारायचं? मी तिला अठरा वर्षांचा माझा सगळा लौकिक ऐकवला. त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं.

आठ दिवस गेले. मिस्त्रींचा चष्मा शेडमध्येच राहिला होता. रविवारी तो द्यायला मी सायकलवरून भिंगारला गेलो. मिस्त्री घरी नव्हते. अंगणात मेहेकरीच्या शेतातली बाजरी येऊन पडलेली, आणि मुक्ताबाई पायलीनं तिच्यातला नणंदेचा वाटा पोत्यात भरत होत्या. दोन वर्षांनी अंगणात धान्याची रास लागलेली. बाईंच्या अंगात नुसता उत्साह.

"बसा जावईबापू, येवढं मोजून हुतं." त्यांनी पायली भरली आणि पोत्यात ओतताना म्हणाल्या, "लाभ!"

मी मनात म्हटलं, नवरा-बायको अगदी एका वळणाची. त्या भरत गेल्या, ओतत गेल्या, आणि प्रत्येक खेपेला बाजरीची एक चिमूट बाजूला फरशीवर ठेवत गेल्या. शेवटी हात झटकून म्हणाल्या, "पाच. झाला वाटा."

मला राहवलं नाही. मदत म्हणून बोललो, "सहा झाल्या, वहिनी."

मुक्ताबाई पायली हातात घेऊन माझ्याकडे वळल्या. "सहा कुठनं? पाच हायत."

"पण आधीची ती लाभाची धरली तर..."

"ती धरूनच पाच! अवो, लाभ म्हंजीच पयली. खळ्यावर पयल्या मापाला एक म्हनत न्हाईत, लाभ म्हनत्यात. लाभ, दोन, तीन, चार, पाच. ह्या बगा चिमटी, मोजा तुमीच. म्या काय नणंदेच्या वाट्यात हात मारते व्हय?"

फरशीवर पाच चिमटी होत्या. मी त्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. आमच्या घरात धान्य वाण्याकडून पिशवीत यायचं. खळं मी लांबून बघितलेलं. चाळीस वर्षं या जिल्ह्याचं अन्न खाऊन ते मोजतात कसं हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्या अडाणीपणापायी मी एका माणसाला दुसऱ्यांदा दोषी ठरवून आलो होतो. वर रेघ मारून तारीख घातली होती!

"वहिनी, मिस्त्री कुठे आहेत?"

"नागरदेवळ्याला, विहिरीवर. काय झालं? चेहरा का असा?"

मी सायकलवर टांग टाकली. सायकल अशी हाणली की धोतराचा सोगा दोनदा साखळीत अडकला. मिस्त्री एका मळ्यात उघड्या इंजिनासमोर उकिडवे बसलेले. मी सायकल तशीच आडवी टाकली आणि ओरडलो, "मिस्त्री, तुम्ही लाभ म्हणालात ती पहिलीच ना? पहिली धरूनच पाच ना?"

"व्हय. मंग?"

"मी सहा लिहिलं. लाभाची वेगळी धरली मी. सगळीकडे सहा लिहिलं!"

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. मग बोटांवर न मोजता, नुसते ओठ हलवत हिशेब केला. "म्हंजी पाच."

"पाच."

"पाच दाही पन्नास."

"पन्नास. म्हणजे नऊपट."

मिस्त्री विहिरीच्या कठड्यावर बसले. आणि मग मांडवात गिळलेलं, चौदा वर्षं साठलेलं सगळं माझ्यावर निघालं. "अठरा वर्सं वही धरली म्हनता आनि लाभ ठावं न्हाई? आठ दिवस माझ्या पोटात अन्न न्हाई, जावईबापू! बायकोकडं मान वर करून बघितलं न्हाई म्या! तुमाला इचारायला तोंड न्हवतं?" ते बोलत होते आणि मी ऐकत होतो. खरं सांगतो, कोणी मला शिव्या देतंय आणि मला आनंदानं रडू येतंय असं तेव्हा एकदाच झालं.

दम लागल्यावर थांबले. मग म्हणाले, "पुन्यांदा मोजू. ताईंसमोर. आनि तुमी वहीला शिवायचं न्हाई."

दुसऱ्या मोजणीला मला शेडच्या दाराशी उभं केलं गेलं. इंदू खडूनं जमिनीवर प्रत्येक सिरिंजमागे एक रेघ ओढत होती. मिस्त्री पहिल्या सिरिंजला याही वेळी लाभच म्हणाले. पहिल्या सिलिंडरपुढे पाच रेघा. दुसऱ्यापुढे पाच. पाचव्याला मिस्त्रींनी सिरिंज इंदूच्या हातात दिली. तिथंही पाचच.

"पन्नास, मिस्त्री," इंदू म्हणाली. "दोष टायमिंगचा नव्हता. स्क्रू ढिला असता किंवा नसता, या पेट्रोलवर हे इंजिन घाटात फुटणारच होतं."

मिस्त्रींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात तेलानं काळे, सगळा चेहरा काळा झाला आणि त्यावर डोळ्यांतल्या पाण्याच्या दोन वाटा. आम्हीही काही कोरडे नव्हतो. तेवढ्यात अण्णांकडची बाई कपबश्या घेऊन आली आणि सवयीनं मिस्त्रींना वगळून पुढे निघाली. "हिकडं द्या की," मिस्त्री म्हणाले. इंजिन उघडं, प्लग बाहेर, हत्यारं पसरलेली, आणि मिस्त्री बशीत ओतून चहा पीत होते. मी ते बघितलं आणि मला वाटलं, आता मोटार नाही चालली तरी हरकत नाही.

पण मिस्त्री ते मिस्त्री. बशी खाली ठेवून म्हणाले, "एक सांगा ताई. त्या लष्करी साहेबाकडं ही मोटार घाट चढायची. मंग माझ्याच हातात का फुटली?"

याचं उत्तर एकाच माणसाकडे असणं शक्य होतं. आम्ही तिघं अण्णांकडे गेलो. अण्णा आरामखुर्चीत, हातात काठी. इंदूनं सगळं सांगून विचारलं, "अण्णा, त्या वेळी नवे पिस्टन कुणी मागवले होते?"

"मी. मुंबईहून." अण्णांनी काठी बाजूला ठेवली. मग कपाटातली तपकिरी फाइल मागितली. स्वतःच्या पत्रांच्या नकला ते जन्मभर ठेवत आले होते. चष्मा लावून त्यांनी एक पातळ कागद काढला, वाचला आणि आमच्याकडे न बघता मोठ्यानं पुन्हा वाचला. दुकानदारानं कळवलं होतं की या इंजिनाला पिस्टन दोन प्रकारचे येतात, साधे आणि जास्त दाबाचे, कोणते हवेत? अण्णांनी लिहिलं होतं, जे महाग आणि उत्तम असतील तेच पाठवावेत. पिस्टनची उंची एवढीशीच वाढलेली, जुना शेजारी ठेवल्याशिवाय डोळ्यांना जाणवू नये इतकी. पण तेवढ्यानं दाब नऊवर गेला होता.

अण्णांनी कागद फाइलीत ठेवला. "इंदू, आरोपी सापडला. चौदा वर्षं फिर्यादीच्या खुर्चीत बसला होता."

"न्हाई साहेब, माझं बी चुकलंच," मिस्त्री म्हणाले. "जुना पिस्टन नव्याशेजारी ठिवून बगायला पायजे हुता. ते म्या केलं न्हाई. तेवढं माझं. स्क्रूचं माझं न्हाई."

इतका चोख हिशेब आमच्या कचेरीत मी कधी बघितला नाही.

भंगारवाल्याला येऊ नको म्हणून निरोप गेला. फुटक्या पिस्टनच्या जागी पुण्याहून जोडीचा पिस्टन आला. नऊचा दाब साडेसातवर आणायचा तर पिस्टनच्या वर जागा वाढवायला हवी. त्यासाठी मिस्त्रींनी हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, तेल फासून त्यावर कागद दाबला, सगळ्या भोकांचा ठसा उतरवला आणि तो घेऊन नगरमधल्या एका तांबटाकडे गेले. त्यानं दोन मिलिमीटरहून थोडा जाड असा तांब्याचा पत्रा ठशाबरहुकूम कापून दिला. जन्मभर हंडे-घागरी केलेल्या त्या माणसाला हा पत्रा मोटारीत बसणार हे शेवटपर्यंत पटलं नाही. हेड आणि इंजिन यांच्यामध्ये तो पत्रा बसला. मग पुन्हा तेल भरून मोजणी. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि वर दोन सीसी. वही या वेळी मुक्ताबाईंकडे होती. म्हणजे वही नव्हतीच, त्या चिमूटभर बाजरी घेऊन बसल्या होत्या.

जानेवारीत आम्ही करंजी घाटात गेलो. अण्णांना डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलेला. ते म्हणाले, ही कोर्टाची तारीख आहे, चुकवता येणार नाही. मिस्त्री मोटार चालवत होते, शेजारी अण्णा, मागे मी, इंदू आणि मुक्ताबाई. घाट उतरून खाली गेलो, करंजीत मोटार वळवली आणि चढायला लागलो. मुक्ताबाईंनी माझाच हात घट्ट धरून ठेवला होता, नवऱ्याचा समजून की काय. मिस्त्री मान किंचित तिरकी करून ऐकत होते. चढ वाढला. मी दात आवळून त्या खडखडीची वाट बघत होतो, आणि ती येत नव्हती. इंजिनाचा नुसता घुमारा, एकसारखा. शेवटचं मोठं वळण आलं.

"थांबव," अण्णा म्हणाले.

काठी टेकत ते उतरले. रस्त्याच्या कडेला मेंढरं घेऊन दोन धनगर बसले होते, ते उठून बघायला लागले. अण्णांनी घसा साफ केला आणि मांडवात काढला होता तोच आवाज काढला.

"कानिफनाथ म्हस्के, त्या दिवशी चार लोकांत मी तुला बोललो ते खोटं होतं. पिस्टन मी मागवले. तुझा हात बरोबर होता. मी तुझं दुकान बुडवलं, ते मला भरून देता येणार नाही. पण हे मी भिंगारच्या बाजारातही असंच मोठ्यानं सांगणार आहे."

मिस्त्री स्टिअरिंग धरून बसलेले, ब्रेकवर पाय. "साहेब," ते म्हणाले, "मोटार चढावर हुबी हाय. बसा बिगी बिगी."

अण्णा बसले. मोटार वळण ओलांडून वर आली, सपाट रस्ता लागला, आणि मिस्त्री हसायला लागले. आधी मिशीत, मग मोठ्यानं. मुक्ताबाईंनी माझा हात सोडला आणि डोळ्यांना पदर लावला. मी मागे टेकलो. इतकं हलकं मला माझ्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं, पण त्या दिवशी मी चिंचेवर बसलो होतो.

अण्णांनी बाजारात सांगितलं, बोलल्याप्रमाणे. पंधरा दिवसांनी कचेरीतून येताना मी मुद्दाम भिंगारवरून आलो. मिस्त्रींच्या अंगणात, बाजरीची रास होती त्या जागी, एका डॉक्टरांची काळी मोटार उभी होती, बॉनेट वर, आणि मिस्त्री त्यात कमरेपर्यंत वाकलेले. कठड्यावर चहाची रिकामी बशी होती.

"मिस्त्री, ही कितवी मोटार?" मी विचारलं.

त्यांनी डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे बघितलं आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, "लाभ!"

मी एक धरली.